वर्षभराचे बेस्ट निसर्गफोटो निवडायचेत? आधी वाघ बाजूला काढा, मग बाकीचं

डिसेंबर संपत आलाय, हिवाळी अधिवेशनवाले नागपूरहून मुंबईला परत गेले, चौकाचौकात संत्र्यांचे ढीग लागलेत, म्हणजे आता तुमच्या डोक्यावर एकच मोठं काम उरलं. वर्षभर काढलेल्या फोटोंतून "माझे आवडते दहा निसर्गफोटो" निवडायचे आणि लोकांसमोर ठेवायचे. कोणी मागितलेत का, असला प्रश्न मनात आणू नका. मागितल्यावर देतात ते आधार कार्ड.

अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स नावाचा माणूस होऊन गेला, योसेमिटीचे डोंगर ब्लॅक अँड व्हाईटमध्ये काढायचा तो, तर त्याचं म्हणणं असं की वर्षाकाठी बारा नाव घेण्यासारखे फोटो मिळाले तर पीक चांगलं आलं समजायचं. बिचारा! एवढा मोठा कॅमेरा आणि ट्रायपॉड डोंगरावर चढवायचा आणि वर्षाला बारा. तुमचा कॅमेरा एका सेकंदात वीस काढतो, ॲडम्सचा वर्षाचा कोटा तुम्ही ताडोबाच्या मोहर्ली गेटवर तिकीट चेक होता होता, समोरच्या माकडावर संपवलेला असतो.

तर पहिले वाघ. दहातले किमान सात वाघ पाहिजेत, याच्यात काही चर्चा नाही. एकच वाघ, एकच रस्ता ओलांडून राह्यला, एकाच मिनिटातले सात फोटो असले तरी चालतील, फक्त एकात डावा पाय पुढे असावा आणि दुसऱ्यात उजवा. एप्रिल-मेचे असतील तर उत्तमच, कारण तेव्हा जंगलातलं पाणी आटतं, मोजके पाणवठे उरतात, वाघाला तिथे आल्याशिवाय इलाज नसतो आणि तुम्हाला तेवढंच कौशल्य लागतं जेवढं बसस्टॉपवर बसची वाट पाहायला लागतं. पण कॅप्शनमध्ये हे लिहायचं नाही. तिथे "पेशन्स" हा शब्द टाका. आता पेंच घ्या, ताडोबा घ्या की उमरेड-कऱ्हांडला, पळसाला पानं तीनच, सगळ्यांचा वाघ पाण्यात बूड टेकवून मागे वळूनच बघतो, त्यामुळे फोटोखाली वाघाचं नाव न विसरता लिहा, निदान कोणता आहे ते तरी कळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, क्रॉप. चांगला वाइल्डलाइफ फोटो जंगलात निम्माच होतो, उरलेला क्रॉपमध्ये होतो. तुमच्या मूळ फोटोत वाघीण आहे, तिच्या मागे सफारीच्या चार उघड्या जिप्सी गाड्या, पुढे तीन, एका जिप्सीत एक काका सीटवर उभे आणि गाईड त्यांचा शर्ट ओढून राह्यलाय. हे सगळं कापा. एवढं कापा की फक्त मिशा आणि डोळे उरले पाहिजेत, आणि खाली लिहा "अरण्यातली निःशब्द भेट". ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे असेच दोन्हीकडून गाड्यांच्या मध्ये अडकले होते, त्याचे व्हिडिओ बाहेर आले आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. का झालं असं? कोणीतरी क्रॉप न करता टाकलं म्हणून! वेळेवर कापलं असतं तर कोर्टाचा वेळ वाचला असता.

पुढे जुलै ते सप्टेंबर. या तीन महिन्यांचा फोल्डर उघडायचीही गरज नाही, कारण कोअरचे, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागाचे, गेट बंद असतात आणि गेट बंद म्हणजे निसर्ग बंद. या काळात अख्खा विदर्भ हिरवा होतो, रामटेकच्या गडावरून खाली बघितलं की भाताच्या बांध्यांत आभाळ दिसतं, खिंडसी तलाव भरतो, नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवर मातीचा वास सुटतो, असं लोक सांगतात. पण तिथे जायला ना परमिट लागतं ना जिप्सी, घरून तर्री पोहे खाऊन स्कूटीवर जाता येतं, मग त्या फोटोला किंमत काय राहणार सांगा. तसाच काटोल रोडवरचा फाल्गुनातला पळस. असेल लाल-केशरी पेटलेला, पानाचा पत्ता नसेल, फुलांत पन्नास मैना भांडत असतील, पण मधून विजेची तार गेलीय आणि वाघ नाही. डिलीट.

शहरातला एखादा हवाच असेल तर अंबाझरी घ्या. तलावावर जलपर्णी पसरलेली असते ना, ती वरून इतकी हिरवीगार दिसते की बाहेरच्या माणसाला कुरणच वाटेल. जलपर्णी पाण्याखाली उजेड पोचू देत नाही, ऑक्सिजन कमी होतो, मासे मरतात, सांडपाण्यावर ती पोसते, हे सगळं बरोबर आहे पण ते फोटोत कुठे दिसतं? "नागपूरचा ग्रीन कार्पेट" लिहा आणि एक हार्ट टाका. फुटाळा तलावाचा सूर्यास्तही चालेल, फक्त मक्याच्या कणसाचा धूर आला असेल तर त्याला धुकं म्हणायचं.

एडिटिंगबद्दल जास्त सांगत नाही, सॅच्युरेशनचा, म्हणजे रंग भडक करायचा, दांडा उजवीकडे ढकलत न्यायचा आणि डोळे दुखायला लागले की अजून थोडा. आभाळ पांढरं आलंय? बदला, २०२० पासून फोटोशॉपमध्ये त्याची सोयच दिलीय, मे महिन्यातल्या नवतप्यावर, म्हणजे त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांवर, हिमालयातले ढग बसवा, कोण विचारतंय. फक्त स्पर्धेला पाठवताना जरा सांभाळून. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची जी मोठी स्पर्धा असते, तिच्यात २००९ चा पहिला नंबर फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याला मिळाला होता, नंतर परीक्षकांचं मत झालं की तो लांडगा पाळीव असावा, आणि बक्षीस परत घेतलं. २०१७ ला बक्षीस मिळालेल्या एका फोटोतला मुंगीखाऊ तर पेंढा भरलेला असावा, असं तज्ज्ञांनी सांगितलं, तोही बाद. यावरून लोक नको तो धडा घेतात. आपण असं बघायचं की आपल्या सिव्हिल लाईन्समध्ये १८६३ पासून अजब बंगला म्हणजे आपलं म्युझियम उभं आहे, आत पेंढा भरलेले प्राणी शिस्तीत उभे आहेत, पहाटे चारला उठायला नको, धूळ खायला नको, आणि प्राणी अजिबात हलत नाही. नुस्तं काचेवरचं रिफ्लेक्शन सांभाळा.

दहात एक ताऱ्यांचा फोटो पाहिजे. पेंच २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, झालं, आजूबाजूच्या गावांनी रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खाली पडेल असे लावले, म्हणजे आपल्यासारख्यांना आकाशगंगा दिसावी. तिथे जाऊन पहिलं काम म्हणजे गाडीचे हेडलाईट चालू ठेवून ट्रायपॉड शोधणे. शेजारच्याचं तीस सेकंदांचं एक्सपोजर खराब होईल, होऊ द्या, त्याच्याही यादीत दहाच फोटो बसणार आहेत.

आणि हे सगळं झाल्यावर सगळ्यात पहिला फोटो कोणता लावायचा? तुमचा स्वतःचा. मोहर्ली गेटच्या पाटीसमोर, गळ्यात तो किलोकिलोचा लेन्स, अंगात जंगलवाल्या खिशांचं जाकीट, नजर लांब कुठेतरी. सगळ्यात जास्त लाईक यालाच येणारेत, वाघालासुद्धा एवढे येत नाहीत. कोणी कमेंटमध्ये विचारलंच की "भाऊ, याच्यात निसर्ग कुठंय बे?" तर सांगायचं, मागे ते हिरवं ब्लर झालंय ते काय मग, ताडोबाच आहे ना!