शापित कॅसेट जुनी झाली का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: व्हीसीआर गेले, त्यांच्याबरोबर शापित कॅसेटवरच्या ‘रिंगू’ (1998) या जपानी भयपटाची भीतीही गेली, व्हिडिओ कॉलवर घडणारा भयपट ‘होस्ट’ (2020) म्हणजे नुसतं कॉलचं रेकॉर्डिंग, आणि पडद्यावरच्या मुंग्या-पट्ट्या आता कुठल्याही अ‍ॅपमध्ये मिळतात, त्यांचं कौतुक कशाला?

पहिला आक्षेप मला अजिबात पटत नाही. ‘रिंगू’तली खरी भीती कॅसेट पाहण्यापेक्षा तिची कॉपी काढण्यात आहे. ती पाहिली की सात दिवसांनी मरण. सुटायचं तर कॉपी काढून दुसऱ्याला दाखवायची. त्यासाठी दोन व्हीसीआर जोडा, एकावर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड, आणि मग ती कॅसेट कुणाच्या तरी हातात द्या. कुणाच्या, हे ठरवायला वेळ मिळतो आणि तिथेच नायिका रेइको अडकते. मुलाला वाचवण्यासाठी ती शेवटी गाडी काढते ती स्वतःच्या वडिलांकडे. हीच अट लिंकला लावून बघा: एका बोटात शंभर जणांना फॉरवर्ड, कोण मेलं याचा पत्ता नाही. यंत्र बदललं की अटही बदलावी लागते. ‘कैरो’ (2001) या जपानी भयपटाने ती बदलली. तिथे सौदाच नाही. इंटरनेटवाटे भुतं येतात, माणसं एकेकटी विरतात आणि भिंतीवर काळा डाग उरतो.

‘होस्ट’बद्दल एवढंच सांगतो. लॉकडाऊनमुळे दिग्दर्शक रॉब सॅव्हेज दुरूनच सूचना देत होता, कॅमेरा कलाकारच सांभाळत होते. त्यात रिकाम्या हवेत चेहऱ्याचा फिल्टर चढतो तो प्रसंग परत पाहा. सॉफ्टवेअर डोळे-नाक-तोंडाची ठेवण शोधतं आणि ती सापडली तरच मुखवटा लावतं. म्हणजे तिथे कुणीतरी आहे, हे आपल्याला भूत न दाखवता यंत्रच सांगतं. नुसत्या रेकॉर्डिंगला हे सुचत नाही.

आता मुंग्या-पट्ट्या. अ‍ॅपवाले सगळे दोष एकत्र ओततात, म्हणून ते खोटे वाटतात. व्हीएचएसमध्ये, म्हणजे घरगुती व्हिडिओ कॅसेटमध्ये, फिरत्या ड्रमवरची हेड (टेप वाचणारे चुंबकी भाग) आळीपाळीने टेप वाचतात. ती बदलताना चित्र फाटतं ते अगदी खालच्या कडेला, मधोमध नाही. कॉपीची कॉपी काढत गेलं की आधी रंग आडवे पसरतात, कारण रंगाला टेपवर फार कमी बँडविड्थ, म्हणजे तपशील साठवायला जागा, मिळते. आकृत्या त्यामानाने तग धरतात. व्हिडिओ कॉलचा दोष वेगळा: डेटा गळाला की चौकटी दिसतात, आधीची फ्रेम चिकटून राहते आणि पुढची कीफ्रेम (संपूर्ण चित्र असलेली फ्रेम) येईपर्यंत चेहरा हालचालीबरोबर ओघळतो. कॉलवर टेपच्या पट्ट्या टाकल्या की प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खोट लगेच कळते.

तुम्ही शॉर्टफिल्म करताय असं लिहिलंय, म्हणून सांगतो: अ‍ॅपमधले तयार दोष वरून चढवू नका. फुटेज खऱ्या टेपवर घ्या आणि दोन-तीन पिढ्या कॉपी काढा. मग जुन्या काचेच्या पाल (PAL, सेकंदाला 25 फ्रेमची प्रसारण पद्धत) टीव्हीवर लावून कॅमेऱ्याने टिपा: सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50. तोच टीव्ही 24 फ्रेमवर टिपला तर काळा पट्टा पडद्यावर सरकत राहतो. ट्रॅकिंग (हेड आणि टेपवरच्या पट्ट्यांची जुळणी) जरासंच बिघडवा. जास्त बिघडलं की सिंक (चित्र स्थिर ठेवणारा इशारा) तुटतो आणि बऱ्याच व्हीसीआरवर चित्राऐवजी सरळ निळा पडदा येतो. व्हीसीआरच्या मेनूत हा निळा पडदा आणणारा ‘ब्लू बॅक’ पर्याय असेल तर तो आधी बंद करा.