खुलासा: ‘दोन तासांचं अंतर ठेवा, मग कोणतीही ॲसिडिटीची गोळी चालते’

कॅन्सरच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी फिरणारा हा सल्ला अर्धाच खरा आहे. दोन तासांचा नियम फक्त ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पातळ किंवा चघळायच्या अँटासिडपुरता, म्हणजे पोटातलं आम्ल मारणाऱ्या औषधापुरता.

एर्लोटिनिब, डासाटिनिब, पाझोपानिब या कॅन्सरच्या गोळ्या विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळ्या पोटातले आम्ल बनवणारे पंपच बंद पाडतात. नवे पंप तयार होईपर्यंत, म्हणजे दिवसभराहून जास्त, आम्ल कमीच राहतं. त्यामुळे वेळ बदलून काही साधत नाही. ओमेप्राझोलसोबत एर्लोटिनिबचं शोषण 46 टक्क्यांनी घटलेलं मोजलं गेलंय. वाईट म्हणजे रुग्णाला हे जाणवत नाही, उलट जळजळ थांबल्याने बरंच वाटतं.

फॅमोटिडीन हे ॲसिडिटीचं औषध या दोन्ही प्रकारांच्या मधलं. एर्लोटिनिब त्यानंतर 10 तासांनी आणि त्याच्या पुढच्या डोसच्या किमान 2 तास आधी घेता येते. डासाटिनिबबरोबर मात्र तेही टाळतात.

सगळ्यांना एकच नियमही नाही: इमॅटिनिब या कॅन्सरच्या गोळीच्या शोषणात ओमेप्राझोलने फरक पडत नाही. मोठ्या डोसच्या मेथोट्रेक्सेट या कॅन्सरच्या औषधाचं तर उलटंच, तिथे ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांमुळे औषध शरीरात जास्त वेळ साचून विषारी ठरू शकतं.

चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका. दुकानातून आणलेल्या ॲसिडिटीच्या गोळीचंही नाव कॅन्सरतज्ज्ञांना सांगा.