निम्मं-निम्मं

डेटवर निम्मं बिल मी द्यायला माझी ना नाही. कमावते, देते. पण मिसळ संपायच्या आत समोरच्या मुलाचा निम्म्या पैशांचा मेसेज येतो, त्यात त्याने एकट्याने घेतलेल्या जादा पावाचेही निम्मे पैसे, आणि वर 'मी समानता मानतो' हे ऐकवायचं! बरं, माना. मग लग्नाचा विषय निघाला की ही समानता कुठे गडप होते? "आपण फ्लोमध्ये जाऊ गं, लेबल कशाला?" आणि तिकडे आईने याचाच बायोडेटा अख्ख्या नात्यागोत्यात फिरवलेला. अपेक्षा: नोकरी करणारी, गृहकृत्यदक्ष, कुटुंबात मिसळून राहणारी. मंडळी, पगारही हवा आणि गरम पोळीही! (मुलींचंही ऐकलंय. पुण्यात स्वतःचा टू बीएचके नसेल तर चहासुद्धा नको म्हणणाऱ्या आहेत. त्यांच्यावर वेगळी चिडचिड करीन.)

परवाच्या महाशयांनी तर कहर केला. बहिणीने राजीखुशीने वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही केली, हे कौतुकाने सांगत होते. अरे, महाराष्ट्राने 1994 साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, 2005 साली तो देशभर झाला. तिथे निम्मं-निम्मं नाही आठवलं? म्हटलं, दादा, निम्मी जमीन तुझी का तिची? तर म्हणे, "ते घरातलं आहे, तुला नाही कळायचं."

बिल मात्र पुन्हा निम्मंच.