परदेशातून : मेनू आणि यादी

लग्नसराई जवळ आली की वसईच्या ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक जुनं भांडण नव्याने पेटतं. एकजण लिहितो, हळदीची दारू बंद करा, डीजे बंद करा, जेवणात मोजके पदार्थ ठेवा, चर्चने तसा नियमच करावा. दुसरा विचारतो, पैसा माझ्या घामाचा, त्यात फादरांचा काय संबंध? मग तिसरा येतो आणि सगळं खापर आमच्या डोक्यावर फोडतो. गल्फच्या पैशाने वसई बिघडवली म्हणे. पूर्वी दारापुढे मांडव पडायचा, गावच्या बायका तांदूळ निवडायला जमायच्या, शेजारीच वाढपी असायचे. तुम्ही दिरहॅम पाठवायला लागलात आणि हॉल आले, ड्रोन आले, मजल्यांचे केक आले.

मी दुबईत एका कंत्राटदार कंपनीत हिशेब लिहितो. पैसा कुठून निघाला आणि कुठे जिरला हे बघणं हाच धंदा असल्यामुळे या तिसऱ्याचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही. आमच्या गावात तरी नव्या बंगल्यांच्या पायात केळीचा आणि पानवेलीचा पैसा थोडाच गेलाय. आखाती पगार आणि विकलेली बागायती वाडी, या दोनच खात्यांवर बहुतेक घरं उभी आहेत.

पण तो पैसा पाठवणारा माणूस इथे कसा राहतो, हे ग्रुपवर कुणी लिहीत नाही. शारजात रोला भागाच्या बाजूला एका खोलीत प्लायवूडची पार्टिशनं घालून सहा-आठ जण राहतात. दोन मजली लोखंडी खाट, खाटेखाली बॅग, पडद्यामागे आपापला उजेड. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा आणि दुधाच्या बाटलीवर टेपने चिकटवलेलं नाव. स्वयंपाकघराची पाळी ठरलेली. पाळी चुकली तर डाळ आणि खुबूस, म्हणजे इथली स्वस्त अरबी रोटी. कपडे कंपनीचे, प्रवास कंपनीच्या बसचा. उपवासकाळात फादर साधेपणावर प्रवचन देतात तेव्हा ही मंडळी आपसात हसतात, कारण त्यांचा राखेचा बुधवार, म्हणजे उपवासाचा पहिला दिवस, बाराही महिने चालू असतो. रुपया घसरला की आमच्याकडे आनंद होतो, एक्स्चेंजच्या काउंटरवर रांग लागते. देशाचं नाणं पडल्यावर खूश होणारी देशभक्त जमात आमच्याइतकी दुसरीकडे सापडायची नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला हे संन्याशाचं जिणं वाटेल. तसं ते मुळीच नाही. इथे सोडलेलं सगळं तिकडे मांडलेलं असतं. खुबूस खाऊन वाचवलेला दिरहॅम वसईच्या जिन्याला ग्रॅनाइट होऊन चिकटतो. ज्या घरात वर्षाकाठी महिनाभर झोपायचं, त्या घरात उरलेले अकरा महिने जीव अडकलेला. जिथे तुमचं धन तिथे तुमचं मन, असं ख्रिस्त म्हणाला. आमच्या बाबतीत त्याला पत्तासुद्धा देता आला असता.

म्हणूनच घरच्या भांडणात मला पहिल्याचीही बाजू घेववत नाही. खर्च कमी करणं म्हणजे ख्रिस्ताच्या मागे जाणं असतं, तर आखातातली प्रत्येक बेडस्पेस, म्हणजे भाड्याची खाट, मठ ठरली असती. काटकसर आणि लोभ एकाच खाटेवर सुखाने झोपतात, हे मी डोळ्यांनी बघतो. दहाचे पाच पदार्थ केले की पाच पदार्थांचे पैसे वाचतील. ते जातील कुठे? पहिला माणूस याचं उत्तर देत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आमच्या आधी परदेशी गेलेल्या वसईकरांमध्ये सगळ्यांत मोठं नाव संत गोन्सालो गार्सियाचं. गासचं चर्च त्याच्या नावाचं, वसईचं कॉलेज त्याच्या नावाचं, भारतात जन्मून संतपदाला पोचलेला तो पहिला. त्याच्या हौतात्म्याची गोष्ट आम्हाला लहानपणापासून पाठ : १५९७ सालच्या ५ फेब्रुवारीला नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत हा एक. पण त्याआधीचा भाग प्रवचनांत घाईने उरकला जातो. हा मुलगा जेझुइट फादरांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा घोटून शिकला. त्यांच्या संघात शिरायची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. मग तो चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावच्या बाजूला व्यापारात पडला आणि त्यात त्याचा चांगला जम बसला. म्हणजे आमच्यासारखाच : बाहेर गेला, भाषेच्या जोरावर कमावू लागला. फरक एवढाच की धंदा चालू असताना त्याने तो सोडला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला आणि १५९३ मध्ये त्याच संघाच्या फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषा म्हणून पुन्हा जपानला परतला. धंदा बुडाल्यावर देव आठवणारे पुष्कळ असतात. याचा बुडाला नव्हता. शिवाय तो नुसता व्यापार सोडून गप्प बसला नाही. ज्या जिभेवर पैसे कमावले तीच जीभ त्याने दुसऱ्यांच्या कामाला लावली. नुसत्या काटकसरीत हा दुसरा भाग नसतो.

२०१९ मध्ये पोप फ्रान्सिस अबू धाबीला आले. अरबी द्वीपकल्पात पाय ठेवणारे ते पहिले पोप. झायेद स्पोर्ट्स सिटीत त्यांच्या मिस्साला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं होती. दिवस ५ फेब्रुवारीचा. योगायोगच, पण आम्हा वसईकरांना तो न जाणवता कसा राहील? रात्रीच बसमध्ये बसलेले कामगार, केरळच्या नर्सबाई, फिलिपिनो आया, गोव्याचे खलाशी, सगळे पहाटेच्या थंडीत सुरक्षेच्या रांगांतून आत सरकत होते. पोपसाहेब बोलले ते ख्रिस्ताच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या धन्यवचनांवर. दीनांना धन्य म्हणणारी ती वचनं एवढ्या श्रीमंत शहरात, मालकाकडून सुट्टी मागून आलेल्या माणसांपुढे ऐकायला मिळाली. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर चर्चा काय, तर तिकडून निघताना बस किती उशिरा मिळाली. असो. माणसं आहेत.

सगळं सोडण्याच्या गोष्टी ऐकताना मला एक खटकतं, तेही सांगून टाकतो. सोडणारा एक असतो आणि भोगणारे दुसरे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. हिंदू-ख्रिस्ती, बाप्तिस्मा झालेले-न झालेले, सगळ्यांना ख्रिस्ताच्या नावाने एकत्र बसता यावं ही कल्पना. मराठी ख्रिस्ती माणसाने पगाराला राम राम ठोकून केलेलं इतकं धाडसाचं काम मला दुसरं माहीत नाही. पण हातात येईल ते वाटून टाकणाऱ्या या माणसाचा संसार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ओढला. दोनच वर्षांत टिळक गेले. त्यांच्या त्यागाचं कौतुक करताना चुलीपाशी कोण बसलं होतं, हे विसरलं की कौतुक फार स्वस्तात पडतं.

हे सुचायला कारण आमच्याकडचा एक एसी मेकॅनिक. वसईचाच, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. आठवड्याच्या सुट्टीला कामावर गेलं तर इथे दीडपट मजुरी मिळते. हा सहसा जात नाही. सकाळी ऊद मेथाच्या सेंट मेरीज चर्चमध्ये मिस्सा ऐकतो आणि तिथून सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात जातो. परांचीवरून पडलेले, उन्हाने आडवे झालेले, ज्यांना भेटायला कुणी नाही असे कामगार तिथे असतात. बांगलादेशी, नेपाळी, बिहारी. याच्या पिशवीत सफरचंदं नसतात. चार तऱ्हेचे चार्जर, पॉवर बँक आणि नेलकटर असतं. आजारी कामगाराचा फोन पहिल्याच दिवशी मरतो आणि गावाकडे आई समजते की मुलगाच मेला, हे त्याच्या ध्यानात आलं म्हणून चार्जर. प्लास्टरमधल्या हातांना नखं कापता येत नाहीत म्हणून नेलकटर. धर्माचं अवाक्षर तो काढत नाही. इथल्या कायद्याने धर्मप्रचार करताही येत नाही. चार्जर लावतो, फोन पेटला की व्हिडिओ कॉल लावून देतो आणि पाठ करून उभा राहतो.

त्याच्या वसईच्या घराचा वरचा स्लॅब अजून पडायचाय. गेल्या सुट्टीत त्याच्या बायकोने मला चहा दिला आणि हसत म्हणाली, "भाऊजी, पुण्य त्यांचं, स्लॅब माझा." हसत म्हणाली खरी, पण तक्रार होतीच, आणि ती रास्त होती. संपूर्ण मनाने जगणाऱ्या माणसाच्या घरी बिल कुणाच्या नावावर फाटतं, ते तिने एका वाक्यात सांगितलं. मला यावर तोडगा सापडलेला नाही. एवढं मात्र दिसतं की गेली दोन वर्षं हॉस्पिटलचं ठरवताना तो तिला विचारतो आणि महिन्यातली एक सुट्टी ओव्हरटाइमला जातो. संतचरित्रात हे शोभणार नाही. संसारात शोभतं.

अमिरातीत एक गोष्ट बरी आहे. परवान्याशिवाय वर्गणी गोळा करणं इथे गुन्हा आहे. तेव्हा कुणाची अडचण कानावर आली की ग्रुपवर आकडा टाकून, हात झटकून मोकळं होता येत नाही. जावं लागतं, बसावं लागतं. घरी असतो तर आम्ही हजार रुपये लिहून सुटलो असतो, आणि पावती फ्रेममध्ये लावली असती.

आता दुसऱ्याकडे येतो : पैसा माझ्या घामाचा, चर्चचा काय संबंध? वसईत उभं राहून हे म्हणणं म्हणजे आपलाच सातबारा नाकारणं. १९१८ मध्ये मोनिस नावाच्या धर्मगुरूंनी इथे सहकारी पतपेढी काढली. तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. आज घामाचा पैसा ज्या पासबुकात जमा होतो, ते एका फादरने पैशाचा संबंध लावून घेतला म्हणून अस्तित्वात आलंय. पुढे १९८८-८९ च्या सुमाराला वसईचा हिरवा पट्टा बिल्डरांना मोकळा व्हायला लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात पुढे होते. त्यांना काय झालं असतं गप्प बसून? मिस्सा झाली असती, नाश्ता मिळाला असता. २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्यासोबत फोटो काढायला सगळे पुढे होते. त्यांच्या सभांना टाळ्या देऊन घरी येऊन वाडीचा सौदा करणारेही त्यांत होते. धर्माने देवळात राहावं असं आपल्याला नेमकं तेव्हाच वाटतं, जेव्हा तो आपल्या गेटपाशी येतो.

आणि ख्रिस्ताला मेजवानीचं वावडं होतं, असं तर मुळीच नाही. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा त्याने सहा दगडी रांजण भरायला लावले. योहानाने आपल्या शुभवर्तमानात मापं दिली आहेत. हिशेब केला तर काही शे लिटर होतात. आमच्या हळदी त्यापुढे कोरड्या. म्हणजे ताटात काय आणि पेल्यात किती, यावर त्याने नियम केला नाही. पण एका परुशाच्या, म्हणजे कर्मठ यहुदी पुढाऱ्याच्या, घरी जेवायला बसला असताना त्याने यजमानाला स्पष्ट सांगितलं, ते लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे : जेवण घालशील तेव्हा मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नको, ते तुला उलट बोलावून फेड करतील, गरीब, लुळे, पांगळे, आंधळे यांना बोलाव. त्याचं बोट मेनूवर नव्हतं, यादीवर होतं. आणि आमच्या ग्रुपवर इतक्या वर्षांच्या भांडणात यादीबद्दल कुणी एक अक्षर लिहिलेलं मला आठवत नाही. नियम मागणाराही यादी सोडून बोलतो आणि घामाचा पैसा म्हणणाराही.

माझ्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न येत्या जानेवारीत आहे. परवा त्याचा फोन आला तो ड्यूटी-फ्रीच्या बाटल्यांसाठी. माणशी दोन लिटरची मुभा, येणारे आम्ही चौघं, त्याने हिशेब आधीच करून ठेवला होता. मी म्हटलं, आणतो. मेनूही हवा तसा ठेव, माझी हरकत नाही. फक्त तुझ्या वाडीत भाजी खुडायला, पाणी धरायला जी आदिवासी कुटुंबं वर्षानुवर्षं येतात, त्यांना पत्रिका दे. मागच्या दाराने डबे भरून नको. पत्रिका, खुर्ची आणि आपल्याच टेबलावर ताट.

तो जरा थांबला. मग म्हणाला, "दादा, हॉलवाला ताटामागे पैसे घेतो. यादी सहाशेची झालीये. त्यातले कोण कापू, ते तूच सांग."

मी त्याच्याकडून यादी मागवली आहे. तिच्यात माझ्या बायकोच्या माहेरची एकवीस माणसं आहेत.