बाल शेम तोव ताईत द्यायचे, यात लाज कसली?

इस्राएल बेन एलिएझर, म्हणजे बाल शेम तोव, यांच्याबद्दल कुठेही वाचा. ज्यूंच्या हसिदी या भक्तिमार्गी पंथाचे प्रेरणास्थान, थोर गूढवादी वगैरे भरभरून लिहिलेलं असतं. ते ताईत द्यायचे, झाडपाल्याची औषधं द्यायचे, झपाटलेल्यांना बरं करायचे, हे मात्र एका ओळीत उरकलेलं. मला हे फार खटकतं.

आजच्या युक्रेनमधल्या मेझिबिझ गावी ते १७६० साली वारले. तिथल्या पोलिश करनोंदींत त्यांचा उल्लेख 'बालशेम', 'बालशेम डॉक्टर' असाच आहे. राहायला ज्यू पंचायतीचं घर, वर कर माफ. गावाने त्यांना राजरोस, मानाने ठेवून घेतलं होतं. ताईत लिहायला त्यांच्याकडे लेखनिक होते, म्हणजे मागणी किती असेल बघा.

देवाच्या पवित्र नामांवर ज्याची हुकमत, तो बाल शेम. असे लोक त्यांच्या आधीही होते. सोळाव्या शतकात पोलंडमधल्या खेल्मचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) एलिया होते. पुढे अशांचे नुस्खे छापूनही निघाले, देवदूतांची नावं आणि मुळ्या-पाल्याचे उपाय शेजारी शेजारी. बाळंतिणीच्या खोलीत लिलिथ या राक्षसिणीपासून रक्षणासाठी सेनोय, सान्सेनोय, सेमान्गेलोफ या तीन देवदूतांची नावं लिहून लावत. बाळंतपणात बाई जायची, तान्हं मूल जायचं, आणि शिकलेला डॉक्टर मिळालाच तर तोही रक्त काढायचा. भिंतीवर ती तीन नावं लावणाऱ्या आईला अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

१७५१ मध्ये हाम्बुर्ग-आल्टोनात रब्बी योनातान आयबेशुट्स यांच्या ताइतांवरून प्रचंड वाद पेटला. तोतया मसीहा शब्ताय झ्वीचं नाव त्यांत दडवलंय, असा रब्बी याकोब एम्डेन यांचा आरोप होता. भांडण ताइताचा गुण येतो की नाही यावर नव्हतंच, आत नाव कुणाचं यावर होतं. तेव्हाचे मोठमोठे विद्वानही याच जगात जगत होते. मग बाल शेम तोवांनाच त्यातून वेगळं काढून धुऊनपुसून का घ्यायचं?

आणि त्यांचं म्हणून जे चित्र सगळीकडे फिरतं, ते त्यांचं नाहीच! ते सॅम्युएल फाल्क यांचं आहे, 'लंडनचे बाल शेम'. जर्मनीत जादूटोण्याच्या आरोपाखाली जिवंत जाळले जाणार होते, तिथून ते निसटून लंडनला पोचले. १७८२ साली वारले, तेव्हा गरिबांसाठी पैसा ठेवून गेले. या माणसाचा चेहरा निदान त्याच्या स्वतःच्या नावाने तरी शेअर करा.