मला काही नाही हो, पण...

सकाळी साडेसातला चहा गाळता गाळता फोन उघडला आणि अर्धा चहा ओट्यावर. लंडनच्या मराठी मंडळींचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मोदकाचे साचे कुठे मिळतात, भारतात कोण चाललंय, माझी औषधं न्याल का, असा सगळा भोळा कारभार. त्यावर एका गृहस्थांनी जाहिरात टाकलेली. वेम्ब्लीत डबल रूम, स्टेशनपासून सात मिनिटं, बिलं धरून भाडं. आणि खाली: 'आपली माणसं असतील तर उत्तम. काळे नकोत. मला स्वतःला काही नाही हो, पण बाकीचे भाडेकरू कटकट करतात.' शेवटी जोडलेले हात.

मी वाचेपर्यंत त्यावर अकरा अंगठे पडले होते.

हे वाक्य मी आधी ऐकलंय. शब्दन् शब्द ऐकलंय. फक्त ते इंग्रजीत होतं आणि १९५७ सालचं होतं.

जुन्या मित्रमंडळींना मिस व्ही माहीत आहेत, नव्यांसाठी सांगते. हार्ल्सडनमध्ये आम्ही पहिली चार वर्षं ज्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो त्या आमच्या जमैकन घरमालकीणबाई. आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. १९५७ च्या नोव्हेंबरात त्या साउदॅम्प्टनला उतरल्या तेव्हा वय वीस, अंगात एक पातळ कोट, हातात एक ग्रिप. ग्रिप म्हणजे पत्र्यासारखी कडक पुठ्ठ्याची बॅग, जमैकन लोक बॅगेला ग्रिपच म्हणतात. पहिले काही दिवस चुलतबहिणीच्या खोलीत, एका पलंगावर तिघी. मग एका दुकानाच्या काचेत खोलीची चिठ्ठी दिसली. मिस व्हींचं इंग्रजी मिशनच्या शाळेतलं, स्वच्छ. बूथमधून फोन केला, बाई म्हणाली खोली आहे, आजच ये. या पोरीने ग्रिप उचलली आणि थेट राहायलाच गेली! दार उघडलं. बाईने आधी ग्रिपकडे पाहिलं, मग तोंडाकडे. 'मला काही नाही गं, पण शेजारी काय म्हणतील.'

दार बंद.

त्या दिवशी अशी तीन दारं झाली. तिसऱ्या दारापर्यंत ग्रिपची मूठ तुटली होती. पाऊस. मिस व्हींनी टोपीची पिवळी रिबन काढून ती बॅगेला बांधली आणि ती काखोटीला मारून चालत राहिल्या. एका आयरिश बाईने त्यांना रात्रीपुरती जागा दिली. (हो, चांगली माणसंही होती. असतातच. म्हणून बंद झालेली तीन दारं उघडत नाहीत.)

आता कोणीतरी येऊन मला सांगणारच की त्या काळच्या घरांवरच्या 'नो ब्लॅक्स' म्हणजे 'काळे नकोत' पाट्यांचा तो प्रसिद्ध फोटो खरा की खोटा यावर वाद आहे. असू दे वाद. दुकानांच्या काचांतल्या 'नो कलर्ड्स' म्हणजे 'गोरे नसलेले नकोत' अशा चिठ्ठ्यांवर वाद नाही. आणि मंडळी, त्या 'कलर्ड'मध्ये आपणही होतो बरं का. जालंधरहून आलेला शीख, मुंबईहून आलेला डॉक्टर, कोणीही. चिठ्ठी लिहिणाऱ्याला देशस्थ-कोकणस्थ कळत नव्हतं.

एक गोष्ट आपल्या लोकांना माहीतच नसते. मिस व्हींसारखी ही कॅरिबियन माणसं इथे चोरून घुसलेली नव्हती. २२ जून १९४८ ला 'एम्पायर विंडरश' बोटीतून टिलबरीच्या धक्क्यावर जी माणसं उतरली, त्यांतले कितीतरी जण युद्धात ब्रिटिश विमानदलात नोकरी करून आलेले. जमैकातल्या किंग्स्टनहून खालच्या डेकचं तिकीट साधारण २८ पौंड, कोणी ढोरं विकून भरलं, कोणी उसनं घेऊन. शाळेत राणीची आणि राजाची गाणी म्हणून मोठे झालेले लोक हे. इंग्लंडला 'मदर कंट्री' म्हणायचे. १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने तर ते रीतसर नागरिक ठरले. आणि ते उतरत होते त्याच दिवशी ११ खासदारांनी पंतप्रधान ॲटलींना पत्र धाडलं की हे येणं थांबवा. आईचं घर!

राहायला काय मिळालं? क्लॅपहम साउथला बॉम्बपासून लपायला जमिनीखाली खोल खणलेली बोगदेवजा जागा होती, तिथे दोनशेवर माणसांच्या खाटा टाकल्या. डोक्यावरून भुयारी रेल्वे धडधडतेय. जवळचं रोजगार केंद्र ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर, म्हणून माणसं कामाच्या शोधात तिकडे गेली आणि तिथेच खोल्या शोधू लागली. ब्रिक्स्टन ही लंडनची कॅरिबियन वस्ती झाली ती अशी. नाहीतर आपल्याकडे सर्रास म्हणतात, 'ते लोक एकत्र घोळका करूनच राहतात.' अरे, बाकी कोणी दारात उभं केलं नाही तर करतील काय?

मान्य आहे, बॉम्बने घरं पडली होती, गोऱ्यांनाही घरं नव्हती. पण गोऱ्याला निदान रांगेत तरी उभं राहता येत होतं. सरकारी घरांच्या यादीत नाव यायचं तर बर्मिंगहॅमसारख्या शहरात पाच वर्षं राहिल्याचा पुरावा लागायचा. पाच वर्षं राहायचं कुठे, ते कोण सांगणार?

मग राहायचं रॅकमनसारख्यांकडे. पीटर रॅकमन, नॉटिंग हिलचा घरमालक, स्वतः पोलंडहून आलेला निर्वासित. १९५७ च्या भाडेकायद्यानंतर जुने भाडेकरू निघाले की नव्यांना हवं तेवढं भाडं लावता येऊ लागलं, आणि ज्याला दुसरीकडे दारच उघडत नाही तो वाट्टेल तेवढं भरतो. एका खोलीत कुटुंब, जिन्याच्या वळणावर सगळ्या मजल्याची एक शेगडी, मीटरमध्ये शिलिंगचं नाणं टाकलं तर गॅस. खोलीत उबेला पॅराफिनचा हीटर. मिस व्ही सांगतात, कपड्यांचा, केसांचा, भाकऱ्यांसारख्या करतात त्या डंपलिंगचासुद्धा पॅराफिनचा वास यायचा, आणि बसमध्ये बायका नाकाला रुमाल लावून म्हणायच्या, या लोकांना वास येतो.

वास. हा शब्द आला की मला अजून राग येतो, कारण २०१२ साली आम्ही खोली शोधत होतो तेव्हा आम्हालाही हाच. 'करी रोज करता का?' एका एजंटने फोनवर आडनाव ऐकलं आणि खोली गेली म्हणाला. ती न गेलेली खोली पुढे तीन आठवडे वेबसाइटवर दिसत होती. बाहेर बर्फ, मी तीन महिन्यांची गरोदर, आणि हिंगाची डबी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून लपवलेली, जणू काही गांजा. मिस व्हींनी दार उघडलं, माझ्या बॅगेकडे बघितलं, मग तोंडाकडे. म्हणाल्या, 'खिडकी उघडी ठेवून फोडणी दे आणि वाटीभर खाली पाठव.' झाला करारनामा.

ते घर त्यांनी कसं घेतलं ऐका. बँका, बिल्डिंग सोसायट्या कर्ज देताना तोंड फिरवायच्या. मग यांनी काय केलं? भिशी! अक्षरशः आपली भिशी. त्याला ते 'पार्डनर' म्हणतात, त्रिनिदादचे लोक 'सूसू' म्हणतात. वीस जणांनी दर आठवड्याला ठरलेली रक्कम टाकायची, दर आठवड्याला एकाला सगळा पैसा. कागद नाही, सही नाही, फक्त बँकर म्हणून एक बाई, जिच्यावर सगळ्यांचा विश्वास. मी जेव्हा त्यांना सांगितलं की माझी आजी नाशिकला भिशी चालवायची तेव्हा त्या इतक्या हसल्या की खोकला आला. नवरा पार्क रॉयलच्या कारखान्यात, या हॉस्पिटलात रात्रपाळीला. १९६३ मध्ये भिशी लागली, त्यातून घराची पहिली रक्कम भरली. गळकं, पडकं, कोणालाच नको असलेलं घर. आणि मग वरच्या खोल्या बोटीतून नव्याने उतरणाऱ्यांना. भाडं घेतलंच त्यांनी, धर्मादाय नव्हतं, आणि त्यांच्यातल्या काही मालकांनी आपल्याच माणसांना पिळलंही. पण मिस व्हींनी दारात ग्रिप घेऊन उभ्या असलेल्या कोणालाही परत पाठवलं नाही. हे मला त्यांच्या जुन्या भाडेकरूंनी सांगितलंय, त्यांनी नाही.

आपली पाहुणे मंडळी लंडनला आली की त्यांना नॉटिंग हिलला जाऊन रंगीत दारांसमोर फोटो काढायचे असतात. गुलाबी दार, निळं दार, फिकट पिवळं दार. मीही काढलेत, माझ्या जुन्या पोस्टमध्ये सापडतील. १९५८ च्या ऑगस्टअखेरीस त्याच भागात गोऱ्या पोरांची टोळकी काळ्यांची घरं शोधत फिरत होती, खिडक्यांवर बाटल्या पडत होत्या. १७ मे १९५९ ला केल्सो कॉक्रेन नावाचा अँटिग्वाचा सुतार रस्त्यात भोसकून मारला गेला. आजतागायत कोणाला शिक्षा नाही. त्रिनिदादच्या पत्रकार क्लॉडिया जोन्सबाईंनी त्याच वर्षी जानेवारीत सेंट पँक्रसच्या टाउन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला होता, दंगलीला उत्तर म्हणून. आज नॉटिंग हिलचा ऑगस्टमधला कार्निव्हल बघायला आपण पोरांना खांद्यावर घेऊन जातो. नाचायला ते लोक चालतात, नाही का? मक्याची भाजलेली कणसं खायला चालतात. खोलीत नकोत.

आणि कायदा. १९६५ चा वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा आला तेव्हा घर भाड्याने देणं जवळजवळ बाहेरच ठेवलं होतं. १९६८ मध्ये घर आणि नोकरी आत आली. ती काही कोणाच्या उदारपणामुळे नाही. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदविकला १९६४ ची निवडणूक उघड उघड काळ्या-सावळ्या शेजाऱ्यांची भीती घालून जिंकली गेली. तिथल्या मार्शल स्ट्रीटची घरं फक्त गोऱ्यांना देण्याचा घाट घातला होता, तेव्हा १९६५ मध्ये अमेरिकेतला काळ्यांचा पुढारी माल्कम एक्स तिथे येऊन चालला. बोलावलं कोणी? इंडियन वर्कर्स असोसिएशनने. म्हणजे आपल्याच देशाच्या लोकांनी. तेव्हा कळत होतं आपल्याला आपण कोणत्या बाजूला आहोत ते.

आमच्या ग्रुपवरचे हे गृहस्थ २००४ साली आले. ईस्ट हॅममध्ये एका खोलीत सातजण झोपायचे, हे ते स्वतःच प्रत्येक गणपतीला सांगतात. आणि याच गृहस्थांनी गेल्या चौदा एप्रिलला किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरासमोर हात जोडून फोटो टाकला होता. बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले ते घर, २०१५ मध्ये आपल्या सरकारने विकत घेतलेलं. अहो, ज्या माणसाला १९१७ मध्ये बडोद्यात, एवढ्या मोठ्या पदव्या घेऊन आल्यावर, राहायला एक खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं, त्याच्या घरासमोर फोटो काढता आणि वर्षाच्या आत ही जाहिरात? बडोद्यातसुद्धा असंच कोणीतरी म्हणालं असेल, मला काही नाही हो.

घर त्यांचं आहे, कोणाला द्यायचं ते ठरवायचा त्यांना हक्क आहे, असं दोघांनी मला पर्सनलवर लिहिलंय. घर त्यांचं आहे, बरोबर. रंग बघून नाही म्हणायचा हक्क या देशात नाही. कायदा आहे. आणि त्याच कायद्याच्या जोरावर तुम्ही-आम्ही इथे एजंटला जाब विचारू शकतो.

(काही जमैकन लोकही आपल्याला नावं ठेवतात, हेही लिहून टाकते, नाहीतर कॉमेंटमध्ये तेच येईल. ठेवतात. पुढे?)

तासभर झाला टाइप करतेय. राग थोडा उतरलाय, तर एक गोष्ट सांगते जी आजवर सांगितली नव्हती. २०१२ मध्ये खोली मिळाली त्या रात्री आईचा फोन आला. घरमालक कोण आहेत, म्हणाली. मी म्हणाले, एक इंग्लिश बाई आहेत, म्हाताऱ्या आहेत, छान आहेत. मिस व्ही तेव्हा खाली माझ्यासाठी जास्तीची रजई शोधत होत्या. मी का खोटं बोलले? आई काळजी करेल म्हणून. म्हणजे मला काही नाही हो, पण आई.

मिस व्हींच्या धाकट्या भावालाही, लहानपणी बहिणीच्या मागून आलेल्या, २०१७ मध्ये नव्या घरमालकाने पासपोर्ट मागितला. आता घरमालकानेच कागद तपासायचे असा नियम आहे. पन्नास वर्षं या देशात कर भरलेला माणूस, पासपोर्ट कधी काढलाच नव्हता. पुढच्या वर्षी पेपरांत बातमी फुटली की त्या विंडरशच्या पिढीतल्या माणसांना कागद नाहीत म्हणून बेकायदा ठरवलं जातंय, गृहमंत्री अंबर रड यांनी राजीनामा दिला, माफ्या झाल्या. तोवर तो आठ महिने बहिणीच्या सोफ्यावर. दुपारी मी डबा द्यायला गेले तेव्हा ती ग्रिप अजून कपाटावर होती. पाच वर्षं कमवायचं आणि परत जायचं म्हणून वर ठेवलेली, ती तशीच. पिवळ्या रिबनचा रंग आता चहाच्या डागासारखा झालाय. आजच्या मेसेजबद्दल मी त्यांना काही बोलले नाही. धीर झाला नाही. त्यांनी विचारलं, आज वरणात लिंबू कमी का? म्हटलं, घाईत होते.

ग्रुपवर मी अजून उत्तर लिहिलेलं नाही, ही पोस्टच तिथे टाकणार आहे. आणि त्या अकरा अंगठ्यांमधला एक अंगठा आमच्याच घरातला आहे, हे मला संध्याकाळी कळलं. 'अगं, मी नीट वाचलंच नाही, रूम आहे एवढंच बघितलं.' सध्या ते हॉलमध्ये बसून फोनवर अंगठा कसा काढायचा ते शोधतायत. ताट मी अजून वाढलेलं नाही.