मग इन्सुलिनचं काय?

माणसाला प्राणी म्हटल्याने त्याचं मोठेपण कमी होतं, असं मांडणारा लेख वाचला. 'माणसाचं शरीर वरवर प्राण्यांसारखं दिसलं तरी ते मुळातच वेगळं आहे', हे त्यातलं वाक्य अजिबात पटलं नाही. माझे वडील मधुमेही होते. ऐंशीच्या दशकात डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्सुलिन आम्ही त्यांना घरीच टोचायचो, आणि त्यावर ते व्यवस्थित जगले. माणसाच्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) असतात. डुकराच्या इन्सुलिनमध्ये त्यातलं एकच वेगळं असतं, गाईच्या तीन. शरीर मुळातच वेगळं असतं, तर हे चाललं असतं का?

सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्येच, डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या पुस्तकाच्या शंभर वर्षं आधी, माणसाला माकडांच्या गणात बसवलं होतं. भाषा, कायदा, करुणा हे आपलं मोठेपण मलाही मान्य आहे. पण प्राणी म्हटल्याने ते कमी होतं असं लेखकाला का वाटावं?